कंपनी लिक्विडेशनमध्ये गेली की शेअरधारकांचं काय होतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कंपनी बुडत असल्याची बातमी आली की दोन प्रकारचे मेसेज एकाच वेळी फिरू लागतात. एक म्हणतो, सगळं गेलं, आता विसरा. दुसरा म्हणतो, शेअर मातीमोल भावात मिळतोय, उचला. दुसरा मेसेज जास्त नुकसान करतो, कारण त्यात आधी गेलेल्या पैशांमागे आणखी पैसे जातात. भारतात नोंदणी झालेल्या कंपन्यांचे शेअर ज्यांच्याकडे आहेत, त्या सामान्य गुंतवणूकदारांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत.

कंपनी दिवाळखोरी प्रक्रियेत गेली म्हणजे ती लिक्विडेशनमध्येच गेली ना?

नाही. बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो, म्हणून हे आधी नीट समजून घ्या.

२०१६च्या नादारी व दिवाळखोरी संहितेत दोन टप्पे आहेत. कर्ज थकलं आणि बँकेचा किंवा पुरवठादाराचा अर्ज राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने, म्हणजे एनसीएलटीने, दाखल करून घेतला की पहिला टप्पा सुरू होतो. संचालक मंडळाचे अधिकार निलंबित होतात आणि कारभार निराकरण व्यावसायिकाच्या हाती जातो. कंपनीविरुद्धचे वसुलीचे दावे थांबतात आणि कंपनी विकत घ्यायला कोणी तयार आहे का, याचा शोध सुरू होतो. यासाठी १८० दिवसांची मुदत असते. कायद्यात कमाल मर्यादा ३३० दिवसांची आहे, पण प्रत्यक्षात प्रकरणं त्याहून कितीतरी जास्त रेंगाळतात. खरेदीदाराने दिलेल्या निराकरण आराखड्यावर, म्हणजे कंपनी कशी सावरायची आणि देणी कशी फेडायची याच्या योजनेवर, कर्जदात्यांची समिती मतदान करते आणि मंजुरीला ६६ टक्के मतं लागतात. या समितीत शेअरधारकांना मत नसतं.

खरेदीदार मिळालाच नाही, आराखडा नामंजूर झाला किंवा मंजूर होऊनही पाळला गेला नाही, तर दुसरा टप्पा येतो. तो म्हणजे लिक्विडेशन, अर्थात अवसायन. लिक्विडेटर नेमला जातो, मालमत्ता विकली जाते, आलेले पैसे वाटले जातात आणि शेवटी न्यायाधिकरण कंपनी विसर्जित झाल्याचा आदेश काढतं.

शेअरधारकाच्या दृष्टीने महत्त्वाचा फरक असा, की पहिल्या टप्प्यात सूचिबद्ध शेअरचे व्यवहार अनेकदा चालू असतात आणि दुसऱ्या टप्प्यात ते थांबतात. तुमच्या हातात काही करण्यासारखं असेल तर ते पहिल्या टप्प्यातच.

पैसे वाटताना माझा नंबर कितवा?

शेवटचा. संहितेच्या कलम ५३ मध्ये क्रम ठरवून दिला आहे. सगळ्यात आधी प्रक्रियेचा आणि लिक्विडेशनचा खर्च. मग कामगारांची आधीच्या २४ महिन्यांची थकबाकी आणि आपलं तारण सामायिक विक्रीत सोडून देणारे सुरक्षित (म्हणजे तारण घेऊन कर्ज दिलेले) कर्जदाते, हे दोघे एका पायरीवर. त्यानंतर इतर कर्मचाऱ्यांचे १२ महिन्यांचे पगार. पुढे विनातारण कर्ज देणारे, मग सरकारी देणी आणि त्यानंतर उरलेली बाकी देणी. हे सगळं फिटल्यावर प्रेफरन्स (अग्रहक्काचे) शेअरधारक आणि सर्वात शेवटी इक्विटी, म्हणजे साधे, शेअरधारक. भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी आणि पेन्शन यांचे पैसे तर या वाटपात धरलेच जात नाहीत, ते बाजूला काढलेले असतात.

एक काल्पनिक हिशेब मांडून पाहू. कारखाना, जमीन आणि यंत्रं विकून १२० कोटी आले. त्यातले ६ कोटी प्रक्रियेच्या खर्चात गेले, राहिले ११४ कोटी. बँकांचं तारणी कर्ज १८० कोटी आणि कामगारांचं देणं २० कोटी. दोघे एकाच पायरीवर, म्हणजे २०० कोटींच्या देण्यापोटी ११४ कोटी, रुपयाला ५७ पैसे. बँकांना १०२ कोटी ६० लाख मिळाले, कामगारांना ११ कोटी ४० लाख. पैसे इथेच संपले. ऑफिसातले कर्मचारी, कच्चा माल उधार देणारे, करखातं, कोणालाच काही नाही. पैसे संपले त्या पायरीपासून इक्विटी शेअरधारक तर सहा पायऱ्या खाली उभा आहे.

त्याला एक रुपया मिळायचा असेल, तर वरच्या प्रत्येकाचं देणं पूर्ण फिटून वर काही उरायला हवं. तेवढी मालमत्ता असती तर बहुतेक वेळा कंपनी इथवर आलीच नसती. म्हणून सक्तीच्या लिक्विडेशनमध्ये इक्विटीच्या वाट्याला शून्य येणं हाच नियम समजून चाला.

शेअर माझ्या डीमॅट खात्यात दिसतायत. मग ते माझेच आहेत ना?

शेअर तुमचेच आहेत. पण कंपनीची जमीन, इमारत किंवा ब्रँड यांवर त्यामुळे तुमची मालकी येत नाही. ती मालमत्ता कंपनीची असते. तुमचा हक्क देणी फेडून उरलेल्या रकमेवर आहे.

ॲपमध्ये शेअरपुढे एखादा भाव दिसत असेल तर तो व्यवहार थांबण्यापूर्वीचा शेवटचा भाव असू शकतो. पोर्टफोलिओची बेरीज करताना तो धरू नका. कंपनी विसर्जित होईपर्यंत किंवा भांडवल रद्द होईपर्यंत शेअर खात्यात नुसते पडून राहतात आणि डीमॅट खात्याचं वार्षिक शुल्क चालूच राहतं.

लिक्विडेशनचा आदेश आल्यावर शेअर विकता येतात का?

एक्सचेंजवर नाही. बाहेर कोणाला हस्तांतरित करायचे म्हटलं, तर कंपनी कायदा, २०१३ नुसार न्यायाधिकरणामार्फत वाइंडिंग अप, म्हणजे कंपनी गुंडाळण्याची प्रक्रिया, सुरू झाल्यानंतर केलेलं हस्तांतरण न्यायाधिकरणाने मान्य केल्याशिवाय रद्दबातल ठरतं. 'तुमचे अडकलेले शेअर आम्ही विकत घेतो, आधी प्रोसेसिंग फी भरा' असा फोन आला तर तो फसवणुकीचा आहे असंच समजा आणि ओटीपी किंवा डीमॅटची माहिती देऊ नका.

कंपनी दिवाळखोरीत आहे, शेअर दोन-तीन रुपयांना मिळतोय. घ्यावा का? सरासरी खाली येईल.

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो. माझं स्पष्ट मत आहे: घेऊ नका. कारणं तीन उदाहरणांतून सांगतो.

जेट एअरवेजची उड्डाणं १७ एप्रिल २०१९ला थांबली आणि त्याच वर्षी जूनमध्ये प्रकरण एनसीएलटीत दाखल झालं. २०२१मध्ये निराकरण आराखडा मंजूर झाला. विमानं पुन्हा उडणार अशा बातम्या येत राहिल्या आणि शेअरचे सौदेही होत राहिले. अखेर ७ नोव्हेंबर २०२४ला सर्वोच्च न्यायालयाने कंपनी लिक्विडेशनमध्ये काढण्याचा आदेश दिला. मधल्या वर्षांत प्रत्येक बातमीवर शेअर घेणाऱ्यांना वाटत होतं की आपण स्वस्तात संधी साधतोय.

गृहकर्ज देणाऱ्या डीएचएफएलची गोष्ट वेगळी, पण धडा तोच. ही कंपनी बुडून बंद पडली नाही. पिरामल समूहाने ती ३४,२५० कोटी रुपयांना घेतली आणि जून २०२१मध्ये एनसीएलटीच्या मुंबई खंडपीठाने आराखडा मंजूर केला. त्यात इक्विटीची किंमत शून्य धरलेली होती. १४ जूनपासून शेअरचे व्यवहार थांबले आणि नंतर शेअरची नोंदणीच रद्द झाली. एवढा मोठा खरेदीदार आलाय म्हणजे आपलाही फायदा होणार, असं मानणाऱ्या हजारो लोकांच्या हाती काहीही लागलं नाही. खरेदीदाराने दिलेले पैसे कर्जदात्यांना जातात. कर्जदात्यांचंच देणं पुरतं फिटत नसेल, तर शेअरधारकापर्यंत काय पोहोचणार?

तिसरं उदाहरण रुची सोया या खाद्यतेल कंपनीचं. 'घ्या' म्हणणारे नेहमी हेच पुढे करतात. पतंजलीने ती कंपनी २०१९मध्ये घेतली, जानेवारी २०२०मध्ये शेअर पुन्हा बाजारात आला आणि काही महिन्यांत भाव कित्येक पटींनी वाढला. हे खरं आहे. पण त्याआधी जुन्या शेअरधारकांच्या प्रत्येक १०० शेअरमागे फक्त १ शेअर उरला होता, हे सांगायचं राहून जातं. शिवाय जनतेकडे मिळून कंपनीचा जेमतेम १ टक्का हिस्सा होता. विकायला शेअरच नसल्यावर भाव कुठेही जाऊ शकतो. याच्या जोरावर दुसऱ्या एखाद्या दिवाळखोर कंपनीत पैसे टाकणं म्हणजे लॉटरीचं तिकीट घेणं आहे.

सरासरी खाली आणण्याचा विचार ज्या कंपनीला भविष्य आहे तिथे ठीक. शून्याकडे निघालेल्या शेअरमध्ये सरासरी कमी होते, पण बुडणारी रक्कम वाढते. एक्सचेंजनी अशा शेअरवर खास देखरेखीचे निर्बंध लावलेले असतात. खरेदीच्या वेळी स्क्रीनवर येणारी ती सूचना 'ओके' दाबून पुढे न जाता एकदा वाचा.

कंपनी वाचली, लिक्विडेशन टळलं, तरी जुने शेअर रद्द कसे करू शकतात? आमची परवानगी नको?

नको. एनसीएलटीने मंजूर केलेला आराखडा शेअरधारकांसह सगळ्यांवर बंधनकारक असतो आणि त्यासाठी वेगळी सर्वसाधारण सभा घ्यावी लागत नाही. कायद्याचा विचार असा आहे: आज मालमत्ता विकली असती तर शेअरधारकाला काय मिळालं असतं? उत्तर शून्य असेल, तर शून्य देणारा आराखडाही वैध ठरतो. अपील करता येतं, पण फक्त 'आम्हाला काहीच मिळालं नाही' एवढ्या मुद्द्यावर यश मिळणं कठीण.

सेबीच्या नियमांत एक आधार मात्र आहे. आराखड्यातून शेअरची नोंदणी रद्द होताना प्रवर्तकांना त्यांच्या शेअरसाठी काही किंमत मिळणार असेल, तर जनतेतल्या शेअरधारकांना त्याहून कमी देता येत नाही. आराखड्याची माहिती एक्सचेंजला कळवलेली असते, त्यात हे तपासून पाहा.

मला लिक्विडेटरकडे दावा दाखल करावा लागेल का?

लिक्विडेटर वर्तमानपत्रांत जाहीर सूचना देतो. दावा कसा आणि कोणत्या तारखेपर्यंत करायचा हे त्यात असतं. डीमॅटमधल्या शेअरधारकांची यादी डिपॉझिटरीकडे, म्हणजे डीमॅट शेअरची नोंद ठेवणाऱ्या संस्थेकडे, असतेच, त्यामुळे शेअरपुरती फार धावपळ करू नका.

धावपळ करायची ती दुसऱ्या कारणासाठी. अनेकांकडे एकाच कंपनीचे शेअरही असतात आणि मुदतठेव किंवा डिबेंचर (कंपनीचे कर्जरोखे) हेही. शेअरपुरते तुम्ही मालक आहात, पण ठेवीपुरते आणि डिबेंचरपुरते तुम्ही कर्जदाते आहात. तिथे तुमचा नंबर बराच वर लागतो. हा दावा वेळेत आणि वेगळा दाखल व्हायलाच हवा. डिबेंचरच्या बाबतीत सहसा ट्रस्टी सगळ्यांच्या वतीने दावा करतो, तरी त्याने तो केलाय का हे विचारून घ्या. 'शेअर गेले, आता काय उरलंय' म्हणत लोक ठेवीचे कागदही कपाटात ठेवून देतात, तसं करू नका.

कंपनीचं कर्ज माझ्याकडून वसूल होईल का?

शेअरची पूर्ण रक्कम भरलेली असेल तर नाही. तुमचं जास्तीत जास्त नुकसान म्हणजे तुम्ही घातलेले पैसे.

अंशतः भरलेल्या शेअरचं तसं नाही. राइट्स इश्यूत, म्हणजे कंपनी जुन्या शेअरधारकांना नवे शेअर देऊ करते तेव्हा, असे शेअर अनेकांनी घेतलेले असतात. समजा दर्शनी किंमत १० रुपये आणि तुम्ही ६ रुपये भरलेत. उरलेले ४ रुपये लिक्विडेटर मागू शकतो, कंपनी बुडालेली असली तरी. १,००० शेअर असतील तर ४,००० रुपये. इश्यूच्या वेळी प्रीमियमही हप्त्यांत ठरलेला असेल, तर थकलेली रक्कम याहून मोठी असते. वाइंडिंग अप सुरू होण्याआधीच्या एका वर्षात असे शेअर विकले असतील, तर नवा मालक पैसे देऊ न शकल्यास जुन्या मालकापर्यंतही जबाबदारी येऊ शकते.

कंपनीच्या कर्जाला तुम्ही वैयक्तिक हमी दिली असेल, तर ती हमी तशीच राहते. घरच्या कंपनीत नातेवाइकांनी सह्या घेतल्या असतील तर हे आधी तपासा. शेअर घेण्यासाठी काढलेलं कर्जही तुमचं तुम्हालाच फेडावं लागतं.

प्रेफरन्स शेअरधारकांची स्थिती बरी असते का?

एका पायरीने. इक्विटीच्या आधी त्यांना भांडवल परत मिळतं. पण वरची देणी फिटलीच नाहीत, तर दोघांच्याही हाती शून्यच.

लिक्विडेशनमध्ये शेअरधारकांना पैसे मिळाले, असं कधी होतं का?

होतं, स्वेच्छा लिक्विडेशनमध्ये. कंपनीवर कर्ज नाही किंवा असलं तरी ते पूर्ण फेडण्याइतकी मालमत्ता आहे, पण पुढे धंदा करायचा नाही, अशा वेळी संहितेच्या कलम ५९खाली कंपनी स्वतःहून बंद करता येते. बहुसंख्य संचालक प्रतिज्ञापत्र देतात की कंपनी सर्व देणी फेडू शकते आणि हे कोणाला फसवण्यासाठी नाही. त्यानंतर चार आठवड्यांच्या आत सदस्यांचा विशेष ठराव होतो. देणी असतील तर मूल्याने दोन तृतीयांश कर्जदात्यांची संमती लागते.

इथे वाटपाचा हिशेब सोपा असतो. सगळी देणी, कर आणि खर्च भागवून ३ कोटी उरले आणि एकूण १० लाख इक्विटी शेअर असतील, तर शेअरमागे ३० रुपये. कौटुंबिक प्रायव्हेट लिमिटेड कंपन्यांमध्ये हा मार्ग दिसतो. तुम्ही तिथे लहान शेअरधारक असाल, तर ठरावावर मत देण्याआधी मूल्यांकनाचा अहवाल मागून वाचा. जमीन जुन्या पुस्तकी किमतीत दाखवून घरातल्याच कोणाला विकली जात नाही ना, हे पाहायची वेळ तीच असते.

बुडालेल्या शेअरचा तोटा आयकरात दाखवता येतो का?

येतो, पण तोटा कधी 'झाला' यावर सगळं अवलंबून आहे. भाव शून्याजवळ गेला म्हणून तोटा धरला जात नाही. आयकराला हस्तांतरण लागतं.

म्हणून पहिल्या टप्प्यात, व्यवहार चालू असताना, शेअर मिळेल त्या भावाने विकणं शहाणपणाचं. ५०,००० रुपयांचे शेअर ९०० रुपयांना विकले तर ४९,१०० रुपयांचा तोटा काँट्रॅक्ट नोटवर, म्हणजे ब्रोकरच्या व्यवहाराच्या पावतीवर, नोंदला जातो आणि त्यावर कोणी वाद घालू शकत नाही. सूचिबद्ध शेअर बारा महिन्यांहून जास्त काळ ठेवलेले असतील तर तो दीर्घकालीन तोटा. तो फक्त दीर्घकालीन भांडवली नफ्यातून वजा होतो. अल्पकालीन तोटा दोन्ही प्रकारच्या नफ्यातून वजा होतो. उरलेला तोटा आठ वर्षं पुढे नेता येतो, मात्र विवरणपत्र मुदतीत भरलेलं हवं.

विकायचं राहून गेलं आणि शेअर नंतर रद्द झाले किंवा लिक्विडेशनमध्ये काहीच मिळालं नाही, तर मामला वादाचा होतो. गुजरात उच्च न्यायालयाने जयकृष्ण हरिवल्लभदास प्रकरणात लिक्विडेशनमध्ये शून्य मिळालं तरी भांडवली तोटा मान्य केला होता. जानेवारी २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ज्युपिटर कॅपिटल प्रकरणात भांडवल कपात हेही हस्तांतरणच आहे असं म्हटलं. हे निर्णय करदात्याच्या बाजूचे आहेत, तरी रक्कम मोठी असेल तर सीएला विचारूनच दावा करा.

उलट लिक्विडेटरकडून पैसे मिळाले, तर कंपनीच्या साठलेल्या नफ्यापुरती रक्कम लाभांश म्हणून करपात्र होते आणि बाकीच्या रकमेवर भांडवली नफ्याचा हिशेब होतो.

प्रवर्तकांनी पैसे बाहेर काढले म्हणून कंपनी बुडाली. आम्ही त्यांच्यावर काही करू शकतो का?

लिक्विडेटर जुने व्यवहार तपासतो. मर्जीतल्या कोणाला आधी पैसे देणं किंवा मालमत्ता कवडीमोलाने विकणं, असे एका वर्षातले आणि संबंधित व्यक्तींशी असतील तर दोन वर्षांतले व्यवहार न्यायाधिकरण उलटवू शकतं. पण वसूल झालेला पैसा त्याच रांगेत जातो, थेट शेअरधारकांना मिळत नाही. संतापजनक वाटलं तरी कायदा असाच आहे.

शेअरधारकांसाठी वेगळा मार्ग म्हणजे कंपनी कायद्याच्या कलम २४५खालचा सामूहिक दावा. त्यासाठी १०० सदस्य किंवा एकूण सदस्यांचे ५ टक्के, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे लोक लागतात. संचालक आणि चुकीचा अहवाल देणारे लेखापरीक्षक यांच्याकडून त्यात भरपाई मागता येते. सूचिबद्ध कंपनीने खोटी माहिती दिली असेल तर सेबीच्या स्कोअर्स पोर्टलवर तक्रार करा. फोरमवर राग काढण्याऐवजी आपल्यासारखे शंभर जण एकत्र करणं जास्त उपयोगाचं आहे.

बँकेचे शेअर असतील तर?

व्यावसायिक बँका या संहितेखाली येत नाहीत. त्यांचा निर्णय रिझर्व्ह बँक आणि केंद्र सरकार घेतात. नोव्हेंबर २०२०मध्ये लक्ष्मी विलास बँक डीबीएस बँक इंडियात विलीन झाली. ठेवीदार सुरक्षित राहिले, शेअरधारकांचं भांडवल मात्र पूर्णपणे निर्लेखित झालं, म्हणजे शून्य झालं. ५ लाख रुपयांपर्यंतचं विमा संरक्षण ठेवींना असतं, शेअरना नाही. सहकारी बँकेत कर्ज घेताना जे भाग घ्यावे लागतात, त्यांनाही ते नाही.

वडिलांच्या नावाची जुनी कागदी शेअर सर्टिफिकिटं सापडली. कंपनी बंद पडली म्हणतात. फेकून द्यायची का?

लगेच फेकू नका. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीचं नाव टाकून तिची सद्यस्थिती मोफत पाहता येते. 'विसर्जित' असं दिसलं तर त्या शेअरमध्ये काही उरलेलं नाही. 'लिक्विडेशन सुरू' असेल तर लिक्विडेटरचं नाव शोधून त्याला फोलिओ क्रमांकासह पत्र पाठवा. 'विलीन' असं दिसलं तर मात्र नीट लक्ष द्या. बंद पडली असं घरात वर्षानुवर्षं समजलेली कंपनी प्रत्यक्षात दुसऱ्या चालू कंपनीत गेलेली असते आणि त्या कंपनीचे शेअर वडिलांच्या नावे निघतात. नुसतं नाव बदललेलं असण्याचीही शक्यता असते.

सात वर्षं लाभांश घेतला गेला नसेल, तर लाभांश आणि शेअर दोन्ही गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे गेलेले असू शकतात. तिथे गेलेला लाभांश कंपनी नंतर बुडाली म्हणून नाहीसा होत नाही. निधीच्या संकेतस्थळावर नावाने शोध घेता येतो. वारस म्हणून दावा करायला मृत्यू दाखला, वारसा हक्काचे कागद आणि मूळ सर्टिफिकीट लागतं. त्यामुळे शोध पूर्ण होईपर्यंत सर्टिफिकिटं लॅमिनेट करू नका, सह्या जुळवून पाहताना अडचण येते. प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा आणि दोन्ही बाजू स्कॅन करून घ्या.